मिटणारी मूठ

पाळण्यातले मूल तळहाताला टेकलेले बोट घट्ट धरते, पुढे तीच मूठ पेन्सिल धरते, लाटणे धरते, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत मण्यांच्या विरळणीची कात्री दिवसभर धरते, आणि या साऱ्या काळात बोटांना सांधे आहेत याची आठवणही कोणाला होत नाही. ती आठवण आमवात करून देतो. आधुनिक वैद्यक ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणते, त्या या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा सांध्यांच्या आतल्या अस्तरावरच उलटते. हे अस्तर सुजते, दोन्ही हातांचे बहुधा तेच सांधे धरतात, आणि सकाळी तासभर, कधी त्याहून अधिक वेळ मूठ मिटत नाही. साडीच्या निऱ्या चिमटीत राहत नाहीत, ब्लाउजचा हुक लागत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार दोन-तीन पटीने अधिक होतो, म्हणून ही उदाहरणे मुद्दाम घरातली.

नाशिकला योग नवा नाही. विश्वास मंडलिक यांनी १९७८ मध्ये येथे योग विद्या धामची स्थापना केली आणि २०१८ मध्ये त्यांना योगप्रसारासाठी पंतप्रधान पुरस्कार मिळाला. तरीही सूर्यनमस्कारात रमलेल्या या शहरात आमवाताच्या रुग्णाला ज्याची खरी गरज असते तो व्यायाम फारच साधा दिसतो: मुष्टिकाबंध, म्हणजे श्वास घेत बोटे पसरणे आणि सोडत अंगठा आत घेऊन मूठ मिटणे. निरोगी माणूस ती आवळतो. रुग्णाने हात मांडीवर टेकून, वेदना सुरू होण्याच्या अलीकडे थांबायचे असते, आणि हे थांबणे जमण्यासाठीच श्वासावर लक्ष ठेवायचे असते. सांधा हलता राहिला की भोवतालचे स्नायू टिकतात, आणि लांबवलेल्या उच्छ्वासाने वेदनेच्या धास्तीने आखडलेले खांदे सैलावतात. सूज मात्र औषधानेच आवरते. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेटची जागा कोणतेही आसन घेत नाही, हे शिक्षकाने आग्रहाने सांगायला हवे.

पहाटेचा परंपरागत मुहूर्तही येथे सोडावा लागतो, कारण ताठरपणा तेव्हाच सर्वाधिक असतो. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत तर गरम पाण्याची अंघोळ उरकून, ऊन वर आल्यावर बसणेच बरे. व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणे वाढलेलेच असेल, तर दुसऱ्या दिवशी आवर्तने कमी करावीत. जुन्या आजारात मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात, त्यामुळे शीर्षासन, सर्वांगासन आणि मानेचे झटके पूर्णपणे वर्ज्य समजावेत.