नोंद ही अमानत आहे

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत उधारीच्या नोंदीविषयी आहे. सूरह बकराच्या या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असेही त्यात सांगितले आहे. मोलगीत शाळेच्या कार्यालयात कारकुनी करताना मला ही आयत वारंवार आठवते.

मागे इथल्या एका पिंजारी कुटुंबातील मुलीला जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांची नोंद आमच्या १९६४ च्या जनरल रजिस्टरमध्ये सापडली. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण शाई शाबूत. जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ न लिहिता गुरुजींनी ‘पिंजारी’ लिहिले होते. त्या एका शब्दाने मुलीचे काम झाले.

माझ्या भाच्याचे मात्र उलट झाले. तो ज्या संस्थेत शिकला तिथे २०१० नंतर वही बंद करून सारे संगणकावर घेतले होते. संगणक बिघडला, सीडी वाचता येईना. एका पेन ड्राइव्हवर फाइल मिळाली, पण ती जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. उघडली तर नुसती चिन्हे. दाखला मिळेपर्यंत प्रवेशाची मुदत निघून गेली.

साठ वर्षांपूर्वीचा कागद बोलला आणि पंधरा वर्षांचा संगणक मुका झाला. याचा अर्थ संगणक वाईट, असा नाही. कागद डोळ्यांनी वाचता येतो. फाइलला यंत्र, प्रोग्रॅम, वीज आणि पासवर्ड ठाऊक असलेला माणूसही लागतो. सातपुड्यातल्या आमच्या गावी पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो. त्यातच नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला; त्याआधीचे कागद धुळे जिल्ह्याच्या नावाचे. नोंद कुठे आहे हे सांगणारी यादी नसेल, तर माणूस दारोदार फिरतो.

कायदाही हेच सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुढे पाहता आली पाहिजे, मूळ मजकूर बदलता कामा नये आणि ती कुठून, कधी आली हे कळले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो.

आपल्या इतिहासातला धडा याहून जुना आहे. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या काळात हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी कुरआन एकत्र केले, तेव्हा लेखी तुकडे आणि हाफिजांचे पाठांतर दोन्ही ताडून पाहिले. ती प्रत पुढे हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे राहिली आणि हजरत उस्मान (रजि.) यांनी तिच्या नकला वेगवेगळ्या शहरांना पाठवल्या. म्हणजे प्रती एकाहून अधिक, जागा वेगवेगळ्या, आणि प्रत्येक प्रत तपासलेली.

आम्ही तेच करतो. मूळ वही लोखंडी कपाटात राहते आणि रोज लिहिलीही जाते. पाने स्कॅन करून पीडीएफ करतो, नावात वर्ष आणि रजिस्टर क्रमांक घालतो. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप होतो. एक प्रत दुसऱ्या इमारतीत, एक अक्कलकुव्याला. दरवर्षी जूनमध्ये काही फाइली उघडून वहीशी ताडतो. पासवर्ड बंद पाकिटात, दोघा जबाबदार माणसांच्या माहितीत. मुलांचे दाखले व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकत नाही.

६ जून २०२५ रोजी उमीद पोर्टल सुरू झाले आणि मुतवल्लींची वक्फच्या जुन्या दस्तांसाठी शोधाशोध सुरू झाली. माहिती पोर्टलवर भरली म्हणजे मूळ कागदाची जबाबदारी संपली, असे कोणी समजू नये. निकाहचे रजिस्टर, कब्रस्तानाचा उतारा, मदरशाची हजेरी या सगळ्यांमागे कुणाचा तरी वारसा, मेहेर किंवा शिक्षण अडकलेले असते.

जमातीच्या पुढच्या बैठकीत एवढेच विचारा: आपल्या निकाह रजिस्टरची दुसरी प्रत कुठे आहे, आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली?