छोट्या हत्तीवर छोटा ट्रॅक्टर

'वीकेंडला काय केलंस?' या प्रश्नाची आपली उत्तरं ठरलेली असतात. सिनेमा, मॉल, फार तर सिंहगड. गेल्या वर्षी पाच महिने माझं उत्तर मात्र एकच होतं, 'ट्रॅक्टर'. समोरचा आधी हसायचा, मग काळजीने विचारायचा, 'नोकरी मिळत नाहीये का? शेतीबिती करणार आहेस की काय?'

नाही हो! आमच्या द्राक्षबागेतला जुना छोटा ट्रॅक्टर मी दुरुस्त करून घेत होते. कुठे, तर सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा पकडायची, शनिवार ग्रीस आणि डिझेलच्या वासात घालवायचा आणि रविवारी काळ्या नखांनी परत यायचं. लॅपटॉपवर आर्टिकल टाइप करताना ती नखं बघून भारी वाटायचं. खोटं कशाला बोलू?

जुनी बुलेट, यझदी, लॅम्ब्रेटा चकाचक करणारे आपल्या ग्रुपमध्ये दोन-चार असतातच. ट्रॅक्टरवाले तसे कमी. अमेरिकेत मात्र हा चक्क छंद आहे. तिथे इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली 'कब कॅडेट' आणि जॉन डिअरने १९६३ साली 'मॉडेल ११०' हे बागेचे छोटे ट्रॅक्टर बाजारात आणले. अंगणातलं गवत कापायचं आणि हिवाळ्यात बर्फ बाजूला करायचा, हे त्यांचं काम. आज लोक ते शोधून काढतात, रंगवतात आणि गाडीवर घालून प्रदर्शनाला नेतात.

आपल्याकडे बागेचा ट्रॅक्टर म्हणजे द्राक्षाचा ट्रॅक्टर. वेली दोन्ही बाजूंनी वाटेत झुकलेल्या असतात. मोठा ट्रॅक्टर आत घातला की घड तुटलेच म्हणून समजा. म्हणून अरुंद, बुटका ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे फवारणीचा ब्लोअर. आमचा होता 'मित्सुबिशी शक्ती'. बेंगळुरूची व्हीएसटी कंपनी १९६७ सालची. जपानच्या मित्सुबिशीशी हातमिळवणी करून तिने आधी पॉवर टिलर बनवले आणि पुढे हे छोटे ट्रॅक्टर. तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, साडेअठरा हॉर्सपॉवर. द्राक्षवाले त्याला नुसतं 'मित्सुबिशी' म्हणतात.

आमची बाग नान्नजच्या पुढे, बार्शी रोडला. नान्नज म्हणजे 'सोनाका' द्राक्षाचं गाव. नानासाहेब काळे यांनी हे वाण तिथेच शोधलं. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, तेव्हा आमचा माल तोडणीला आला होता. वीस मिनिटांत खेळ खलास. अप्पांनी त्या उन्हाळ्यात बाग काढून टाकली, ट्रॅक्टर लिंबाखाली लावला आणि त्यावर ताडपत्री टाकली. त्यानंतर बागेचा विषय आमच्या घरात निघाला नाही. मी तेव्हा दहावीत होते. नंतर कॉलेज, पुणे, मास कम्युनिकेशन. विषय निघाला नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मग एकदा आईचा फोन आला. 'भंगारवाला येऊन गेला. हे हो म्हणायलेत.'

का कोण जाणे, मला एकदम भरून आलं. मी म्हटलं, 'थांबव त्याला. मी येते.'

जुनं मशीन दुरुस्त करण्याबद्दल सगळे भरभरून बोलतात. इंजिन, रंग, 'बिफोर-आफ्टर'चे फोटो. पण ते मशीन गॅरेजपर्यंत न्यायचं कसं, यावर कुणी अवाक्षर काढत नाही. मीही विचार केला नाही. पुण्यात बसून फोनवर टाटा एस ठरवली. २००५ साली आलेली ही गाडी गावोगावी 'छोटा हत्ती' म्हणून फेमस. वजन नेते पाऊण टन. आमचा ट्रॅक्टरही त्याच घरातला. भाडं पंधराशे रुपये. पिकअपवाला तीन हजार मागत होता. हिशेब सोपा होता. छोट्या हत्तीवर छोटा ट्रॅक्टर, फोटोसुद्धा मस्त येणार!

शनिवारी सकाळी हवा भरून टायर उभे केले, दोन फळ्या लावल्या, पुढून दोर आणि मागून चार पोरं. पुढची चाकं हौद्यात गेली. मागची फळीवरून वर आली, पार कडेला टेकली आणि हत्तीने सोंड वर केली! म्हणजे खरंच, टेम्पोची पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली. एक फळी सटकली. ट्रॅक्टर मागे यायला लागला. पोरं पांगली. अप्पा तेवढे मागेच होते. त्यांनी वाकून चाकाखाली दगड सरकवला. ट्रॅक्टर थांबला, पण त्यांच्या करंगळीचं नख गेलं.

कुणीच काही बोललं नाही. अप्पांनी बोट रुमालात गुंडाळलं आणि म्हणाले, 'मागच्या टायरात पाणी हाय.'

शेतकऱ्यांच्या घरातली मी, पण मला हे माहीत नव्हतं. हलक्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात मुद्दाम पाणी भरतात, म्हणजे चाकाची पकड वाढते. आमच्या दोन टायरात मिळून शंभर किलोच्या वर पाणी होतं. २०१४पासून तसंच.

'अप्पा, मग आधी का नाही सांगितलं?'

'तू विचारलं नाहीस.'

त्यात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं. मी भंगारवाल्याला थांबवलं, टेम्पो ठरवला, मिस्त्री शोधला. ज्या माणसाने पंधरा वर्षं तो ट्रॅक्टर चालवला, त्याला मात्र एक शब्द विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सूत्रं अप्पांनी हातात घेतली. व्हॉल्व्ह खाली येईल असं चाक फिरवून त्यांनी टायरातलं पाणी काढलं. गाडी पिकअप ठरवली. तिचा हौदा लांब, त्यामुळे ट्रॅक्टर पूर्ण आत बसतो आणि सगळा भार मागच्या टोकावर येत नाही. वजन सव्वा टनाच्या पुढे पेलते, म्हणजे हाताशी राखीव राहतं. ४०७ आणखी भक्कम, पण आमच्या गाडीवाटेला ती वळलीच नसती. आणि फळ्या? फळ्या लागल्याच नाहीत. अप्पांनी पिकअप खालच्या वावरात उतरवली आणि रिव्हर्समध्ये उंच बांधाला टेकवली. बांध आणि हौदा एका लेव्हलला. ट्रॅक्टर सरळ ढकलत आत. मग गिअर टाकला, चाकांना ठोकळे लावले आणि चारी बाजूंनी दोर बांधले. तेही अॅक्सलला, बॉनेटला नाही. अर्ध्या तासात काम फत्ते. हे कुठल्या मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये शिकवतात?

अक्कलकोट रोड एमआयडीसी म्हणजे टॉवेल आणि चादरींचं जग. आमच्या मिस्त्रीमामांच्या शेडशेजारी दिवसभर माग धडधडायचे. मामा मुख्यतः मागाचे पार्ट लेथवर बनवतात, पण जुनं डिझेल इंजिन दिसलं की त्यांचे डोळे चमकतात. आमचं इंजिन जाम होतं. त्यांनी नॉझल काढले, सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल सोडलं आणि पुढच्या शनिवारपर्यंत हातही लावला नाही. मी वैतागले. 'ताई, गंज घाईनं सुटत नसतोय. जोर लावला की रिंग तुटती बगा.'

गंज सुटला. टाकीत चिखल निघाला, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. पंप आणि नॉझल कॅलिब्रेशनला गेले. मिळत नव्हता तो बुश मामांनी लेथवर बनवला. तिसऱ्या महिन्यात इंजिनने काळा धूर ओकला आणि मागांच्या खडखडाटात आपला सूर मिसळला. अप्पा दर शनिवारी यायला लागले होते. डबा दोघांचा आणायचे, मामांचा आणि स्वतःचा. मी कँटीनला!

शेवटी रंग. बॉनेटवर गारांचे खड्डे होते, बोटाने मोजता येतील असे. मी म्हटलं, हे ठेवू या. ओरिजिनल लुक. गाडीची स्टोरी दिसली पाहिजे ना!

अप्पा बराच वेळ बॉनेटकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'तुला स्टोरी हाय. मला रोज त्येच्यावर बसायचंय. ठोकून सरळ करा मामा.'

त्या दिवशी पहिल्यांदा ते गारपिटीबद्दल बोलले. मामांना सांगत होते, मला नाही. कर्ज किती होतं, व्यापारी कसा फिरकला नाही, वेली तोडताना हात कसा उचलत नव्हता. मी पाना हातात धरून ऐकत होते. पेपरसाठी दहा-वीस शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्यात मी. घरातली एक राहिली होती.

ट्रॅक्टर परत गेला तो पिकअपनेच, बांधाला टेकवून. नव्या लाल रंगात, एकही खड्डा नसलेला. अप्पांनी आता एक एकर डाळिंब लावलंय. द्राक्ष नको म्हणतात, आणि मीही आग्रह केला नाही.

तुम्हीही काही जुनं उभं करणार असाल, तर फुकटचा सल्ला. गाडी मशीनपेक्षा मोठीच घ्या, चढवायची जागा आधी बघा आणि टायरात पाणी आहे का, ते विचारा. ज्याचं मशीन आहे त्यालाच.

परवा अप्पांचा फोन आला. चक्क स्वतः केलेला. 'एमआयडीसीकडं जाणार असशील तर ब्लोअरचा पट्टा आण.'

पूर्वीची मी 'हो' म्हणून ठेवून दिला असता. या वेळी विचारलं, 'कोणत्या साइजचा?'

त्यांनी वीस मिनिटं समजावून सांगितलं.