शिंजुकूच्या फलाटावर कॅमेरा

जगातलं सर्वांत गर्दीचं रेल्वे स्थानक म्हणून गिनीजच्या पुस्तकात तोक्योच्या शिंजुकूची नोंद आहे. महासाथीपूर्वी इथून रोज सुमारे 35 लाख माणसं ये-जा करत. पाच कंपन्यांच्या गाड्या इथं लागतात आणि बाहेर पडायच्या वाटाच दोनशेच्या वर. डोंबिवलीच्या फलाटावर निम्मं आयुष्य गेल्यामुळे गर्दीचं मला भय नाही. पण इतक्या माणसांचा आवाजच येऊ नये, हे काही केल्या पटेना.

सकाळी आठच्या सुमाराला चुओ मार्गाच्या फलाटावर बुटांचा आवाज येतो, उद्घोषणा होतात, गाडी सुटताना एक छोटीशी धून वाजते. माणूस मात्र बोलत नाही. कुणाचा फोन वाजत नाही. जमिनीवर आखलेल्या खुणांवर रांगा लागतात, गाडी आली की त्या दोन्ही बाजूंना सरकतात आणि उतरणाऱ्यांना मधून वाट मिळते. मग चढणं. सगळ्यात शेवटचा माणूस जे करतो ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॅमेरा उचलायचंही भान राहिलं नाही: तो गाडीकडे पाठ करतो, दाराच्या वरच्या कडेला हात टेकवतो आणि पाठीनंच आतल्या गर्दीत शिरतो. चेहरा फलाटाकडे. दार त्याच्या नाकासमोर बंद होतं. गार्ड बोट रोखून मोठ्यानं खात्री करतो आणि गाडी निघते. दोन-तीन मिनिटांत पुढची हजर.

प्रवाशांना आत ढकलणारी माणसंही याच स्थानकात आली. 1955 साली त्या कामावर विद्यार्थी ठेवले होते. आपल्याकडे हे काम मागून येणारे फुकट करतात. इथं ते नेमणुकीचं, आणि बहुधा हातात पांढरे मोजे घालून करायचं.

शिंजुकू आणि छायाचित्र म्हटलं की दाइदो मोरियामा यांचं नाव येतंच. 1961 साली ओसाकाहून तोक्योला आलेला हा माणूस खिशात मावणारा कॅमेरा घेऊन इथल्या गल्ल्या आयुष्यभर तुडवत राहिला. चित्रं काळीपांढरी, भरड, कधी हललेली. स्थानकात उभं राहिल्यावर ते हलणं मला समजलं. शटरचा वेग कमी ठेवून खांबाला टेकून राहिलं, की चालणारे धुक्यासारखे वाहून जातात आणि थांबलेला एखादाच माणूस स्पष्ट उरतो. चेहरे कुणाचे ओळखू येत नाहीत, पण सकाळ मात्र पुरती येते.

छायाचित्रकार मायकेल वोल्फनं नेमकं उलट केलं. शिंजुकूला जाणाऱ्या ओदाक्यू मार्गावर शिमोकिताझावा स्थानक आहे; तिथं तो डब्याच्या काचेच्या अगदी जवळ उभा राहून आतले चेहरे टिपायचा. काचेला चिकटलेले गाल, वाफेचे थेंब, मिटलेले डोळे. 2010 साली त्याचं पुस्तक निघालं आणि जगभर गाजलं. ती चित्रं थरारक आहेत, मी ती पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. पण त्यातल्या काहींनी काचेवर तळहात धरून चेहरा झाकला आहे. हलायला जागा नाही, तोंड फिरवता येत नाही, एवढाच नकार त्यांच्या हातात होता. आणि तोही छापला गेला. बायकांच्या डब्यात माझाही चेहरा असा दाराच्या जाळीला चिकटला आहे. त्या वेळी बाहेरून कुणी कॅमेरा रोखला असता तर मला तो अपमान वाटला असता, चित्र कितीही थोर निघो.

जपानी लोक या बाबतीत फार जागे आहेत. संमतीवाचून आपला चेहरा टिपला जाऊ नये, हे स्वातंत्र्य तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1969 सालीच मान्य केलं. तो खटला पोलिसांनी मोर्चाचा फोटो काढल्याचा होता. जपानमध्ये विकले जाणारे बहुतेक मोबाइल आवाज बंद केला तरी फोटो काढताना ‘खट्’ करतातच. कायद्यानं तसं बंधन घातलेलं नाही, कंपन्यांनीच ती रीत पाळली, कारण गर्दीत बायकांचे चोरून फोटो काढणारे होते. चुओ मार्गाच्या जलद गाड्यांना सकाळी पहिला डबा बायकांचा असतो, त्याचं कारणही याहून फार वेगळं नाही.

शिमोकिताझावाचा तो फलाट आता तसा राहिलेला नाही. 2013 साली रूळ जमिनीखाली गेले. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

तुम्ही शिंजुकूला गेलात तर जरूर फोटो काढा, ही गर्दी पाहण्यासारखीच आहे. जिन्याच्या वाटेत उभे राहू नका, फ्लॅश बंद ठेवा. वाहत्या गर्दीचे हवे तितके घ्या. पण डब्यात अडकलेल्या माणसाचा चेहरा घेऊ नका, आणि कुणी हात आडवा धरला तर तो फोटो तिथंच पुसून टाका. दादर-ठाण्यालाही हेच करा.