पावलांची कहाणी

भातकुली हे अमरावतीच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर वसलेले वऱ्हाडातील तालुक्याचे गाव. भोवती काळीभोर जमीन, शिवारात कपाशी आणि तूर, विहिरींना खारे पाणी. अशा गावातील एखाद्या मुलाने शाळेच्या वाचनालयात चरित्र मागितले, तर त्याच्या हाती बहुधा गाडगेबाबांचे, पंजाबराव देशमुखांचे किंवा तुकडोजी महाराजांचे चरित्र पडते. आणि ते योग्यच आहे. ही माणसे याच जिल्ह्याच्या मातीतली. राजे, सेनापती, समाजसुधारक, शास्त्रज्ञ यांची चरित्रेही कपाटात दाटीने उभी असतात. नर्तकाचे चरित्र मात्र त्यांत सहसा सापडत नाही. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत ज्या अंगणांत टाळ्यांच्या आणि टिपऱ्यांच्या ठेक्यावर भुलाबाईची गाणी घुमतात, त्याच अंगणांत वाढणाऱ्या मुलींना नाचणाऱ्या माणसाची गोष्ट वाचावयास मिळू नये, हे नवलाचेच म्हटले पाहिजे.

वास्तविक चरित्राची गरज इतर कोणाहीपेक्षा नर्तकालाच अधिक असते. राजा किल्ला मागे ठेवून जातो, कवीची वही राहते, शिल्पकाराची मूर्ती तर शतकानुशतके उभी असते. नर्तकाची कलाकृती त्याच्या देहातच असते. त्याने पाऊल उचलले की ती जन्मते आणि पाऊल थांबले की नाहीशी होते. इझाडोरा डंकन या अमेरिकन नर्तिकेने साऱ्या युरोपला वेड लावले. पण त्या नृत्याचे चित्रीकरण जवळजवळ झालेच नाही. आज तिचे नृत्य कोणालाही पाहता येत नाही. १९२७ साली, जे तिच्या मृत्यूचेही वर्ष ठरले, प्रसिद्ध झालेले तिचे आत्मचरित्र मात्र वाचता येते, आणि तेही मराठीतून. पुण्याच्या विख्यात कथक नर्तिका रोहिणी भाटे यांनी ‘मी, इझाडोरा’ या नावाने त्याचा अनुवाद केला आहे.

इझाडोराचा जन्म १८७७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. घरात दारिद्र्य होते. आई पियानोच्या शिकवण्या करून चार मुलांना वाढवी. इझाडोरा लहान वयातच शाळा सोडून शेजारपाजारच्या मुलांना नाच शिकवू लागली. पुढे तिने पायांतील घट्ट जोडे काढून टाकले आणि ती अनवाणी नाचू लागली, तेव्हा युरोपातील रसिक थक्क झाले. ही हकिगत वाचून वऱ्हाडातील मुलाला हसूच येईल. नाचताना जोडे घालतात तरी कोण, असे तो विचारील! एका मुलखात जे बंड ठरते, ते दुसऱ्या मुलखात रोजचे असते, हे अशा चरित्रांतून सहज कळून येते.

रोहिणीबाईंची स्वतःची कहाणीही इतकीच वाचनीय आहे. त्यांचा जन्म १९२४ सालचा. प्रतिष्ठित घरातील मुलीने पायांत घुंगरू बांधावेत, हे त्या काळच्या पुष्कळ लोकांना रुचत नसे. तरीही पदवी घेतल्यावर १९४७ साली त्यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ ही संस्था काढली. इतरांना शिकवीत असतानाच त्या लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या गुरूंकडे वर्षानुवर्षे शिकत राहिल्या. ‘माझी नृत्यसाधना’ हे त्यांच्या आत्मकथनाचे नाव आहे. त्यातील ‘साधना’ हा शब्द किती नेमका आहे, हे समजण्यासाठी कथकाचा पहिला पाठ घेऊन पाहावा. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ या बोलांवर उजवे, डावे, उजवे, डावे. मग डावे, उजवे, डावे, उजवे, अशी पावले टाकावयाची. इतकेच. हे दोनदा केले की तीनतालाच्या सोळा मात्रा भरतात. पहिल्यांदा हे अगदी सोपे वाटते. लय दुप्पट झाली की पाय अडखळतात, चौपट झाली की टाच आणि चवडा यांतला फरकच उरत नाही. वर प्रत्येक पायात शंभराच्या घरात घुंगरू, आणि एखादा चुकला तर तो साऱ्या सभेला ऐकू येतो. विद्यार्थी हा एकच पाठ कितीएक महिने घोकतात. चरित्रलेखकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. ‘त्यांनी कठोर परिश्रम केले’ या एका वाक्यात ते तो उरकून टाकतात. लहान वाचकाला खरी उत्सुकता असते ती नेमकी या परिश्रमांविषयी. पाय दुखले तेव्हा काय केले? गुरुजी रागावले तेव्हा रडू आले का? पदके आणि सन्मान यांची यादी त्याला पाठ करावीशी वाटत नाही.

दमयंती जोशी यांचे बालपण या दृष्टीने विलक्षण होते. १९२८ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलीला प्रसिद्ध नर्तिका मादाम मेनका यांनी पाहिले आणि दत्तक मागितले. आई वत्सलाबाई मुलगी देऊन टाकण्यास तयार होईनात. अखेर दोघींनी मिळून तिला वाढवावे असे ठरले! मेनकांच्या घरी पंडित सीताराम प्रसाद यांच्याकडे तिचे कथकाचे शिक्षण सुरू झाले, आणि सात-आठ वर्षांची असतानाच ती त्यांच्या नृत्यमंडळीबरोबर युरोपच्या दौऱ्यावर निघाली. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली होती. तीत मेनकांच्या मंडळीचा गौरव झाला. त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरी, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही देशी व्यायामप्रकार आणि खेळ दाखविण्यासाठी गेले होते. भातकुलीहून अमरावतीला बाजारास जाणाऱ्या मुलाने या मंडळाचे नाव पुष्कळदा ऐकलेले असते. बर्लिन त्याला फार दूरचे वाटत असेल, पण त्याच्या जिल्ह्यातील तरुण तेथे जाऊन आले आहेत. मेनका १९४७ साली वारल्या. पुढे दमयंतीबाई मोठ्या नर्तिका झाल्या, १९७० साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली, आणि आपल्या गुरूचे चरित्र त्यांनी स्वतः लिहिले. ज्या बाईंनी तिला नाच दिला, त्या बाईंचा नाच शिष्येने निदान शब्दांत तरी राखून ठेवला.

पण सगळ्याच नर्तिकांना असे गुरुगृह लाभत नाही. विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म १९३५ साली पंढरपूर येथे, तमाशाच्या फडातच झाला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा तो फड. मुक्काम हलला की बिऱ्हाड हलायचे. मग शाळा कोठली? रात्री बोर्डावर लावणी उभी राहिली की हजारो लोक शिट्ट्या मारीत आणि फेटे उडवीत. सकाळी त्यांतलेच काही जण तमाशातल्या बाईला ओळखही दाखवीत नसत. या दोन्ही गोष्टी चरित्रात यावयास हव्यात. एकदा दिवस भरलेले असतानाही विठाबाई नाचल्या, पडद्यामागे जाऊन त्यांनी बाळाला जन्म दिला आणि थोड्याच वेळात त्या पुन्हा प्रेक्षकांसमोर येऊन उभ्या राहिल्या, असे सांगतात. त्यांची अवस्था ध्यानी येताच प्रेक्षकांनीच हात जोडून खेळ थांबविला, असेही सांगतात. मुलांच्या पुस्तकातून ही हकिगत गाळावी, असे कोणास वाटेल. ती गाळली की विठाबाई केवळ पारितोषिके मिळविणारी बाई म्हणून उरतात. फडातील माणसांचे पोट त्या रात्रीच्या तिकिटांवर अवलंबून असे, हे बारा वर्षांच्या मुलाला उत्तम कळते. कपाशीच्या एका वेचणीवर घराचे काय काय अवलंबून असते, हे त्याने पाहिलेले असते.

१९६२ च्या युद्धकाळात विठाबाईंनी सैनिकांपुढे आपली कला सादर केली. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा दोनदा सन्मान झाला, १९५७ साली आणि १९९० साली. तरीही अखेरचे दिवस तंगीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या, तेव्हा रुग्णालयाच्या खर्चासाठी लोकांना वर्गणी गोळा करावी लागली होती. त्यानंतर चार वर्षांनी महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तमाशाची दीर्घकाळ सेवा केलेल्या कलावंतांना तो दिला जातो.