शिक्क्यासकट

साडेतीन आण्यांचा तिरंगा. स्वतंत्र भारताचं पहिलं टपाल तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७चं, त्यावर देवनागरीत 'जय हिंद'. ते परदेशी टपालासाठी काढलेलं, म्हणून आमच्या बेळगाव-निपाणी सीमाभागातल्या जुन्या ट्रंकांमध्ये क्वचितच हाती लागतं. दीड आण्याचे सारनाथचे सिंह त्या मानाने सापडतात. ते त्याच वर्षी १५ डिसेंबरला आले, देशातल्या देशात जाणाऱ्या पत्रांसाठी.

सरकारी लखोट्यांवरची सिंहांची 'सर्व्हिस' तिकिटं. पंधरा पैशांच्या कार्डावरचा छापील वाघ. निळ्या अंतर्देशीय पत्रावरचा मोर. निपाणीच्या तंबाखू वखारीतली पावती, तिच्यावर रसीदी तिकीट आणि सिंहांवरून कागदावर उतरलेली आडवी सही.

नकाशाच्या तिकिटांपाशी मी नेहमी थांबतो. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, तेव्हाची ही मालिका. जेमतेम पाच महिने आधी, १ नोव्हेंबर १९५६ला, बेळगाव-निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली होती. तिकिटावर मात्र भारताची कडा तेवढी, आत राज्याराज्यांमधली एकही रेघ नाही. ज्यांच्या दारावरून ती रेघ गेली, त्यांच्याच पत्रांवर हा नकाशा चिकटून आला. त्याच घराचा पत्ता आधी मुंबई राज्य, मग म्हैसूर, १९७३ नंतर कर्नाटक.

पिनकोड तर रेघ मानतच नाही. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. पिन निपाणीचा, ५९१२३७.

गोल शिक्क्यातलं इंग्रजी 'बेलगाम'. नोव्हेंबर २०१४मध्ये शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, आता जुना शिक्का जुन्या टपालावरच. हल्ली काउंटरवर तिकिटाऐवजी बारकोडचं छापील लेबल लावून देतात.

तिकीट कापायचं, पाण्यात भिजवायचं, डिंक सुटला की रद्दीवर उलटं वाळवायचं, ही आपली तिकिटं जमवणाऱ्यांची जुनी रीत. पण सिंह आणि नकाशा देशभर सारखेच. आपल्या मुलखाचं त्यात काही असेल, तर तो शिक्का आणि तो पत्ता. पाण्यात टाकलं की पत्ता गेला, शिक्काही अर्धाच उरला. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची पत्रं असतील, तर कात्री लावू नका. पाकीट अख्खं ठेवा.