काळी गाडी, सुकं फडकं

"काळी घेऊ नकोस" असं मला चार जणांनी सांगितलं होतं. मी काळीच घेतली. शोरूममधल्या दिव्यांखाली काळी गाडी जशी दिसते तशी ती नंतर आयुष्यात कधीच दिसत नाही, हे पाचव्याने सांगायला हवं होतं.

आधी एक खुलासा. आमचं गाव नागापूर. नागपूर नव्हे. हा खुलासा मी ऑफिसात दर सहा महिन्यांनी करतो, तरी सुट्टीवरून येताना संत्रा बर्फी आणायला सांगणारे भेटतातच. आमचं नागापूर नगरला चिकटून, मनमाड रोडवर, एमआयडीसीच्या शेजारी. (नगर आता कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण तोंडातून अजून नगरच निघतं. सवय!) पुण्यात मला पार्किंग नाही आणि अण्णांना गाडीची हौस, म्हणून गाडी गावाकडे आणि हप्ते माझ्याकडे अशी वाटणी आहे.

अण्णा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात सरफेस ग्राइंडरवर होते. अख्खी नोकरी एकाच मशीनवर. रिटायर झाल्यावर सकाळी सहाला करायला काहीच उरलं नाही. तेवढ्यात गाडी आली. मग रोज सकाळी जुन्या बनियनचं फडकं घेऊन ते गाडी पुसायचे. टपापासून नंबरप्लेटपर्यंत. पाणी कशाला वाया घालवायचं, म्हणून सुकंच.

तर झालं असं, की दिवाळीला घरी गेलो, दुपारच्या उन्हात गाडीकडे पाहिलं आणि पोटात गोळा आला. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे शेकडो बारीक गोल ओरखडे. बॉनेट, दारं, डिकी, सगळीकडे. स्वर्ल मार्क म्हणतात ते हेच. मी तिथल्या तिथे बोलून गेलो, "अण्णा, तुमच्या फडक्याने वाट लावली गाडीची!"

अण्णा काही बोलले नाहीत. फडकं घडी करून खिडकीत ठेवलं आणि आत गेले.

तीन आठवड्यांनी आईचा फोन. "गाडीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसलीये. हे हात लावत नाहीत. सकाळी उठून नुसते ओट्यावर बसतात."

आता सांगा, बग कुठे होता? गाडीत की माझ्या तोंडात?

मग मी एखादं मॉड्यूल वाचावं तसा हा विषय वाचून काढला. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो, म्हणजे हा थर केसापेक्षाही पातळ. हलके ओरखडे या पारदर्शक थरात असतात, खालचा रंग शाबूत असतो. आणि गंमत म्हणजे ते मुळात गोल नसतातच. सगळ्या दिशांना पडलेल्या रेघांपैकी उजेडाला आडव्या असतील तेवढ्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. घासून घासून जुनं झालेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरून बघा, हेच दिसेल. पांढऱ्या गाडीवरही ओरखडे तेवढेच असतात, पण तिचा स्वतःचाच उजेड इतका, की ते लपतात. काळा रंग उजेड गिळतो आणि फक्त ओरखडे मागे ठेवतो.

सोपा उपाय आधी करून बघितला. एका वॉशिंग सेंटरला वॅक्स मारून आणली. गाडी आरशासारखी! दोन आठवड्यांनी जाळं परत हजर. कारण त्या वॅक्सने ओरखडे नुसते बुजवले होते, आणि चार वेळा पाणी मारल्यावर बुजवलेलं निघून गेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर दुरुस्त न करता मेसेज लपवला होता.

शेवटी ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर मागवला आणि एका शुक्रवारी रात्री तो घेऊन गावी पोचलो. साध्या रोटरी मशीनचं पॅड एकाच जागी गरगर फिरतं आणि नवशिक्याच्या हातात क्षणात रंग जाळतं. ड्युअल अ‍ॅक्शनचं पॅड फिरता फिरता डगमगतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. माझ्यासारख्यासाठी तेच बरं.

शनिवारी सकाळी गाडी सावलीत घेतली. दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक हातमोजा खळबळायला साध्या पाण्याची. वरून खाली धुतली. मग क्ले, म्हणजे कणकेच्या गोळ्यासारखी एक वस्तू, फवारा मारून पत्र्यावरून फिरवली. धुऊनही न निघालेले कण ती उचलते. रबरी पट्ट्या, कडा यांवर पेपर टेप लावली. सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश, आणि आधी डिकीवर फक्त दोन फुटांचा चौकोन. नियम एकच: सौम्य उपायाने काम होत असेल तर जालीम उपाय करायचा नाही.

अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. म्हणजे पेपर उघडा होता.

मशीन सुरू केलं. सेकंदाला इंचभर, आधी आडवं मग उभं. चार फेऱ्या मारून पुसलं, तर ओरखडे जवळपास तसेच. जोर वाढवला. तरी तेच. तिसऱ्या चौकोनाला मागून आवाज आला, "पॅड फिरायचं थांबलंय तुझं."

खरंच. या मशीनवर जास्त दाबलं की पॅड नुसतं थरथरतं, फिरत नाही. मला कळलंच नव्हतं. अण्णा आतून मार्कर घेऊन आले, पॅडमागच्या प्लेटवर एक रेघ मारली. "ही रेघ फिरताना दिसली पाहिजे. नाही दिसली तर हात हलका कर." रेघ फिरली आणि जाळं जायला लागलं.

मग ते उभेच राहिले. वापरलेलं फडकं उलटून पाहिलं. "काळा रंग नाही आला याच्यावर. लूनाला पॉलिश मारलं की फडकं रंगायचं." (लूना म्हणजे आमच्या नगरच्या कायनेटिकची, १९७२ साली आलेली. अण्णांची पहिली गाडी तीच.) मी क्लिअर कोटचं सांगितलं. जुन्या साध्या रंगावर असा वेगळा थर नसायचा, म्हणून फडकं रंगायचं. इथे फडकं काळं झालं असतं तर लगेच थांबावं लागलं असतं.

"म्हणजे तू ओरखडा भरत नाहीयेस," अण्णा म्हणाले. "त्याच्या आजूबाजूचं उतरवतोयस. ओरखड्याच्या तळापर्यंत."

अख्ख्या वाचनात मला हे एवढ्या सरळ वाक्यात कुठे सापडलं नव्हतं.

"किती उतरतंय?"

"हलक्या पॉलिशने एक-दोन मायक्रॉन."

मायक्रॉन म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. हा त्यांचा प्रांत! "मग जपून. जॉब ओव्हरसाइझ असला तर परत घासता येतो. अंडरसाइझ झाला की रिजेक्ट. काढलेलं मटेरियल परत चढवता येत नाही." मी रोज कोड बिघडवतो आणि एका कमांडने मागे जातो. अण्णांनी सगळी नोकरी अशा कामात घालवली जिथे मागे जायची सोयच नव्हती. बॉनेटच्या उंचवट्याच्या रेघेवर मी रेंगाळलो तेव्हा त्यांनी माझं मनगटच धरलं. "कडेवर थांबू नकोस. कडेला थर पातळ असतो आणि तापतोही लवकर." मग हाताची मागची बाजू पत्र्याला लावून पाहिली. कोमट. चालेल.

दुपारी चहा घेताना मी धीर करून म्हणालो, "अण्णा, तुम्ही कूलंटशिवाय ग्राइंडिंग कराल का?"

"वेडा आहेस का? जॉब जळेल, रेघा पडतील."

"सुकं फडकं म्हणजे तेच. धुळीत बारीक खडे असतात. पाणी म्हणजे कूलंट."

ते कप हातात धरून गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे असं सांगायचं ना आधी."

खरंच, हे असं सांगायचं होतं आधी. दिवाळीला दुपारच्या उन्हात, दोन वाक्यांत.

रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी झाली. शेवटी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, कारण पॉलिशमधलं तेलही ओरखडे लपवतं आणि आपल्याला खरं बघायचं होतं. मोबाइलचा टॉर्च मारला. जाळं गेलं होतं. ड्रायव्हरच्या दारावर एक खोल ओरखडा मात्र राहिला, नखाला लागणारा. मी परत पॅड लावायला गेलो, तर अण्णा म्हणाले, "राहू दे. त्याच्या मागे लागशील तर पूर्ण दार पातळ करशील." ठेवला. त्यावर संरक्षक सीलंट लावलं आणि मशीन डब्यात गेलं.

निघताना चार मायक्रोफायबरची फडकी आणि शॅम्पूची बाटली खिडकीत ठेवली. बनियनचं फडकं आईने परत स्वयंपाकघरात नेलं.

बुधवारी मीटिंगमध्ये अण्णांचा फोन. "रात्री पाऊस शिंतडून गेलाय. गाडीवर ठिपके पडलेत. पुसू का?"

"आधी पाणी मारा अण्णा, मग..."

"माहितीये मला. कूलंट. सहज विचारलं."

असो. पॉलिशर कोणाला हवा असेल तर सांगा, वर्षभर तरी मला लागणार नाही. पण मार्करची रेघ पुसू नका. :)