हट्टी आजोबा आणि आमचं घर
मंडईत कोथिंबिरीच्या जुडीमागे रुपया न सोडणारी मी. पण घर घ्यायची वेळ आली नि जीभ टाळ्याला चिकटली!

कोथरूडच्या जुन्या फ्लॅटचे मालक, निवृत्त आजोबा, ठाम होते. ‘६५ लाख. एक पैसा कमी नाही.’ आमची उडी ६० पर्यंत, तीही माझ्या पाटल्या मोडून. ह्यांनी त्याच इमारतीतल्या विक्रीचा ‘इंडेक्स टू’ पुढे ठेवला, तर आजोबा जास्तच बिथरले.

चहाच्या निमित्तानं मी आत गेले. आजी हळूच म्हणाल्या, ‘पैशाचं नाही गं. सगळ्यांना ताबा लगेच हवा. तीस वर्षांचा संसार महिन्यात कसा आवरू?’

‘ताबा दिवाळीनंतर द्या, तसं करारातच लिहू,’ मी म्हटलं. आजोबा ६२ वर आले! वरच्या दोन लाखांसाठी माझी शाळेच्या पगारातली शिल्लक निघाली. घर माझ्या नावावर घेतलं. बायकांना १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ६२ हजार वाचले.

मैत्रिणींनो, भाव करण्याआधी समोरच्याची अडचण विचारा. माझ्या पाटल्या गेल्या खऱ्या, पण दारावरच्या पाटीवर नाव माझं आहे.